‘चिंता’ म्हणजे प्रेम!

इंडोनेशियाची राष्ट्रभाषा आता जगाच्या दरबारात मानाने बसू लागली आहे. २०२३ सालच्या नोव्हेंबर महिन्यात युनेस्कोच्या महासभेने तिला आपल्या अधिकृत भाषांच्या मालिकेत दहावे स्थान दिले. २०२५ सालच्या प्रजासत्ताकदिनी त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष प्राबोवो सुबियांतो राजधानीत प्रमुख पाहुणे होते आणि १९५० सालच्या आपल्या पहिल्या प्रजासत्ताकदिनाचे पाहुणेही त्याच देशाचे सुकार्नो होते, याचे अनेकांना त्यानिमित्ताने स्मरण झाले. बालीला सहलीस जाणाऱ्या मराठी कुटुंबांची रीघ तर वाढतच आहे. आमच्या किनाऱ्यावरचे जे तरुण परदेशी प्रवासी बोटींवर नोकरीला जातात, त्यांच्या शेजारच्या बंकवर बहुधा एखादा जावा वा सुमात्रा बेटावरचा तरुण झोपलेला असतो. अशा वेळी त्याच्या भाषेतील चार शब्द शिकावेत असे कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. तो बाजारात जातो आणि इंग्रजीत लिहिलेली एक चोपडी विकत आणतो. डाव्या हाताला इंडोनेशियन शब्द, उजव्या हाताला त्याचा इंग्रजी अर्थ. आमचा आक्षेप या उजव्या हाताच्या रकान्याला आहे.

इंग्रजांनी व अमेरिकनांनी या भाषेसाठी कष्ट घेतले नाहीत असे नव्हे. टॉमस बाउरी नावाच्या इंग्रज दर्यावर्दी व्यापाऱ्याने १७०१ साली लंडनमध्ये इंग्रजी आणि मलय असा दुहेरी कोश छापला. त्याआधी, १५२१ साली, मॅजेलनच्या ताफ्याबरोबर आलेल्या पिगाफेत्ता या इटालियन गृहस्थाने चारशेहून अधिक मलय शब्द टिपून नेले होते. जॉन एकल्स आणि हसन शाडिली यांचा १९६१ सालचा कॉर्नेल विद्यापीठाचा कोश तर अभ्यासकांना दीर्घकाळ आधारभूत राहिला. या सर्वांबद्दल आम्हांला आदरच आहे. परंतु कोश ज्याच्यासाठी रचला जातो त्याच्या डोळ्यांनी तो जगाकडे पाहतो. इंग्रजी वाचकाला जे अपरिचित, ते तेथे विस्ताराने येते; आणि जे त्याच्या भाषेत मुळातच नाही ते सपाट होऊन जाते. मराठी माणसाने तोच चष्मा लावून पूर्वेकडे का पाहावे, हा खरा प्रश्न आहे.

एक क्षुल्लक वाटणारे उदाहरण प्रथम घेऊ. इंग्रजी बोलणारे लोक या भाषेचे नावच ‘बहासा’ असल्याचे समजतात आणि ‘मला थोडी बहासा येते’ असे ऐटीत सांगतात. ‘बहासा’ म्हणजे नुसते भाषा! त्या देशातील लोक ‘बहासा इंडोनेशिया’ म्हणतात, म्हणजे इंडोनेशियाची भाषा. ‘मला थोडी भाषा येते’ असे सांगणाऱ्या गृहस्थाकडे पाहून तेथील लोक सौजन्याने हसत असतील. मराठी वाचकाला ही चूक करण्याचे काही कारण नाही. पण इंग्रजी चोपडीतून शिकला म्हणजे तोही ती करतो.

लिपीचेही तेच. १९७२ साली इंडोनेशियाने आपली रोमन लेखनपद्धती सुधारली. पूर्वी डच धाटणीने ज्या ध्वनीसाठी दोन अक्षरे जोडावी लागत, त्यासाठी एकच अक्षर आले आणि ते अक्षर आता ‘च’ असे उच्चारले जाते. इंग्रजी वाचक ते अक्षर पाहून कधी ‘क’ म्हणतो, कधी ‘स’. देवनागरीत लिहिले तर हा घोटाळा उरतच नाही. ‘चिंता’, ‘बिचारा’, ‘काचा’, ‘भाषा’चे ‘बहासा’: कानाला ऐकू येते तसे लिहावे आणि डोळ्यांना त्याचे गोत्र दिसावे. रोमन लिपीच्या पडद्याआड हे नाते झाकून जाते.

आता व्याकरणाकडे वळू. इंडोनेशियन भाषेत प्रथमपुरुषी अनेकवचनाची सर्वनामे दोन आहेत, ‘कामी’ आणि ‘किता’. ऐकणारा वगळून जे ‘आम्ही’, ते ‘कामी’. ऐकणाऱ्यालाही धरून जे ‘आपण’, ते ‘किता’. इंग्रजीत यांना एकच शब्द असल्यामुळे त्या चोपड्यांत यावर पानभर विवेचन असते, उदाहरणे असतात, आणि तरीही विद्यार्थी घोळ घालतो. यजमानाला जेवायला बोलवायचे असते आणि तोंडातून निघते ते ‘आम्ही जेवायला चाललो’! मराठी माणसाला हे समजावण्यास पाव मिनिट पुरे. हा भेद त्याने आईच्या मांडीवर शिकलेला आहे.

नकाराचेही तसेच आहे. ‘तिदाक’ हा क्रियेचा व गुणाचा नकार आणि ‘बुकान’ हा नामाचा नकार. तो येत नाही, पाणी गरम नाही, येथे ‘तिदाक’. हा माझा भाऊ नव्हे, हे घर नव्हे, येथे ‘बुकान’. आमच्या जुन्या वळणाच्या गद्यात ‘नाही’ आणि ‘नव्हे’ यांची वाटणी थेट अशीच होती. अलीकडे वृत्तपत्री मराठीतून ‘नव्हे’ हद्दपार होत चालला आहे. तो गेल्यावर आम्हांलाही पानभर विवेचन लागेल. आणखी एक शब्द ‘बेलुम’. लग्न झाले का, जेवण झाले का, मुले आहेत का, अशा प्रश्नांना इंडोनेशियन माणूस सहसा उघडा नकार देत नाही. तो ‘बेलुम’ म्हणतो, म्हणजे ‘अजून नाही’. साठी उलटलेला अविवाहित मनुष्यही ‘बेलुम’च म्हणेल. कोशात त्याचा अर्थ बिनचूक दिलेला असतो. परंतु साधा नकार उद्धटपणाचा का वाटतो, हे त्या रकान्यात मावत नाही. आपल्याकडे घरातील तांदूळ संपले तर ‘वाढले’ म्हणणाऱ्या बायकांना ते सांगावे लागणार नाही.

तांदळावरून आठवले. इंग्रजी कोशात ‘पादी’, ‘बेरास’ आणि ‘नासी’ या तीन शब्दांसमोर एकच इंग्रजी शब्द उभा असतो. आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी अजून शेत आहे, त्यांना हा विनोदच वाटेल. शेतात उभे असते ते ‘पादी’, म्हणजे कोकणीतले ‘भात’. कांडून सडून डब्यात येतो तो ‘बेरास’, म्हणजे तांदूळ. आणि शिजून पानात पडते ते ‘नासी’, म्हणजे आमचे ‘शीत’. त्यापुढे ‘बुबुर’ म्हणजे पेजेच्या जातीचा पदार्थ. जे लोक भात पिकवतात आणि भातावर जगतात, त्यांची भाषा अशीच बारकाईने वागते. बालीच्या खाणावळीत ‘नासी गोरेंग’ मागवणाऱ्याने एवढे तरी जाणावे की ‘नासी’ हा शिजलेला भात आहे आणि ‘गोरेंग’ म्हणजे तळलेला, परतलेला. दुकानात जाऊन पाच किलो ‘नासी’ मागितली तर दुकानदार गोंधळून पडेल.

भावंडांच्या शब्दांत तर दोन संस्कृतींचे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. इंग्रजीला भाऊ की बहीण हे आधी कळले पाहिजे. थोरला की धाकटा ही नंतरची बाब. इंडोनेशियन भाषेत ‘काकाक्’ म्हणजे थोरले भावंड आणि ‘आदिक्’ म्हणजे धाकटे, मग तो मुलगा असो वा मुलगी. मान वयाला आहे. पुढे रस्त्यावरच्या अनोळखी माणसालाही याच नात्यांनी हाक मारली जाते. वडीलधाऱ्याला ‘बापाक्’, वयस्क स्त्रीला ‘इबू’, अर्थात आई. समोरच्याला ‘तू’ म्हणावे की काय म्हणावे ही अडचण त्यांनाही होतीच. १९५७ साली रोसिहान अन्वर या संपादकाने आपल्या ‘पेदोमान’ या दैनिकातून ‘आंदा’ हे सर्वांना सारखे लागू पडणारे संबोधन प्रचारात आणले आणि ते रुजले. एखाद्या संपादकाने सर्वनाम रुजवावे, याचा आम्हांला व्यवसायबंधू म्हणून हेवा वाटला तर वाचकांनी क्षमा करावी.

येथपर्यंत मराठी माणसाचा मार्ग सुकर आहे. परंतु आता एक दुसरा चष्मा त्याची वाट पाहत असतो आणि तो इंग्रजीच्या चष्म्यापेक्षा अधिक फसवा आहे. तो संस्कृतचा चष्मा.

इंडोनेशियन भाषेत संस्कृतोत्पन्न शब्दांची अक्षरशः रास आहे. सुमात्रातील पालेंबांगजवळ सापडलेला केदुकान बुकित येथील शिलालेख इ. स. ६८३ चा. त्याची भाषा जुनी मलय आहे आणि लिपी दक्षिण भारतातील पल्लव लिपीच्या कुळातली. त्या जुन्या लेखातही संस्कृत शब्द ठायी ठायी आहेत. आजच्या बोलण्यातले ‘नामा’, ‘गुरु’, ‘राजा’, ‘पुत्रा’, ‘पुत्री’, ‘सुआमी’, ‘साक्सी’, ‘मानुसिया’ हे शब्द ऐकून आपला माणूस हरखून जातो. ‘अरे, ही तर आपलीच भाषा!’ असे उद्गार त्याच्या तोंडून निघतात. नेमक्या याच क्षणी तो फसतो.

कारण ‘चिंता’ म्हणजे तेथे प्रेम. एखाद्या तरुणाने तरुणीला मला तुझी ‘चिंता’ आहे असे सांगितले तर तिने औषधाची बाटली आणण्याचे कारण नाही. नीट विचार केला तर हा अर्थ फार दूरचा नाही. ज्याच्यावर माया असते त्याचीच चिंता वाटते, हे प्रत्येक आईला ठाऊक आहे. ‘बिचारा’ हा मूळचा ‘विचार’. तेथे त्याचा अर्थ बोलणे. विचार न करता बोलणाऱ्यांची आपल्याकडच्या सभागृहांत वाण नाही. त्या लोकांनी निदान शब्दापुरती तरी दोन्हींची सांगड घातली. ‘गेंबिरा’ हा ‘गंभीर’. पण अर्थ आनंदित, उल्हसित! ‘उसाहा’ म्हणजे उत्साह नव्हे, तर खटपट, उद्योगधंदा. ‘बिआसा’ हा ‘अभ्यास’. अर्थ नेहमीचे, सवयीचे. ‘पर्चाया’ हा ‘प्रत्यय’, अर्थ विश्वास. ‘सेतिया’ हा ‘सत्य’; अर्थ एकनिष्ठ. ‘केतिका’ ही आपली ‘घटिका’, अर्थ ‘जेव्हा’. ‘सुआरा’ हा ‘स्वर’; तो आवाजही आहे आणि निवडणुकीतील मतही. ‘सेंगसारा’ हा ‘संसार’ आणि त्याचा अर्थ हालअपेष्टा. या एका शब्दावर आमच्या भगिनीवर्गाचे एकमत व्हावे.

‘साया’ म्हणजे ‘मी’. तो ‘सहाय’ या शब्दापासून आला. सहाय म्हणजे सोबती, सेवक. आपला सेवक म्हणता म्हणता सेवक तो ‘मी’ झाला. आपल्या जुन्या पत्रांतील ‘आपला आज्ञाधारक’ याची येथे आठवण होते. ‘सार्जाना’ म्हणजे पदवीधर, मूळ शब्द ‘सज्जन’. ‘माहासिस्वा’ म्हणजे विद्यापीठातील विद्यार्थी, मूळ ‘महाशिष्य’. आणि पदवीदानाला म्हणतात ‘विसुदा’, मूळ ‘विशुद्ध’. विद्यापीठातून बाहेर पडणारा प्रत्येक जण सज्जन आणि विशुद्ध असतो ही कल्पना रम्य आहे, एवढेच म्हणू.

सर्वांत विचार करण्याजोगी जोडी ‘देसा’ आणि ‘नेगारा’ यांची. ‘देसा’ म्हणजे खेडे आणि ‘नेगारा’ म्हणजे देश, राज्य! आपला देश तेथे लहान होऊन गाव झाला आणि आपले नगर वाढून राष्ट्र झाले. कोणी याला अपभ्रंश म्हणून नाक मुरडील. पण कोकणातला माणूस घाट चढून वर गेला की तो ‘देशावर’ गेला असे आपण आजही म्हणतोच ना? तेव्हा देश या शब्दाची मर्यादा कोठवर, हे आपल्यालाही एकदाचे ठरवता आलेले नाही. आणि ‘इस्त्री’ हा शब्द तेथे ऐकून कपड्यांचा ढीग पुढे करू नये. ‘इस्त्री’ म्हणजे पत्नी. कपड्यांच्या इस्त्रीला ते डचांकडून आलेला ‘सेत्रिका’ हा शब्द वापरतात. आपला ‘पगार’ तेथे कुंपण होतो. पगाराने माणसाला कुंपण पडते हे खरेच, पण त्या दोन शब्दांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. आवाजाचे साम्य हा नात्याचा पुरावा नव्हे, हे अशा वेळी लक्षात ठेवावे.

अरबी शब्दांनीही तेथे असाच खेळ मांडला आहे. कुशल विचारताना ते ‘आपा काबार?’ म्हणतात, म्हणजे ‘काय खबर?’ बसायला देतात ती ‘कुर्सी’ आणि आपली ‘खुर्ची’ एकाच वळणाच्या. ‘पिकिर’ हा आपल्या ‘फिकीर’चा सख्खा भाऊ, पण तेथे त्याचा अर्थ विचार करणे. म्हणजे पाहा: अरबांचा विचार आपल्याकडे येऊन काळजी झाला, संस्कृतचा विचार तेथे जाऊन बोलणे झाला, आणि आपली काळजी तेथे प्रेम झाली. शब्दांच्या या अदलाबदलीचा जमाखर्च कोणत्याही दोन रकान्यांच्या चोपडीत मांडता येणार नाही.

धर्माच्या शब्दांचे काय झाले, हे आमच्या वाचकांनी विशेष लक्षपूर्वक पाहावे. धर्माला शब्द ‘आगामा’. स्वर्ग-नरकाला ‘सुर्गा’ आणि ‘नेराका’. पापाला ‘दोसा’, पुण्यफळाला ‘पाहाला’. रमजानच्या रोजांना ‘पुआसा’, म्हणजे आपला ‘उपवास’. मशिदीतील प्रवचनात हे शब्द येतात, प्रॉटेस्टंट देवळातील प्रवचनातही येतात. आणि त्या प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाला म्हणतात ‘पेंदेता’, म्हणजे पंडित! ज्या देशातील बहुसंख्य प्रजा मुसलमान आहे, त्या देशाच्या विमान कंपनीचे नाव ‘गरुड’ आहे आणि आरमाराचे ब्रीद ‘जलेष्वेव जयामहे’ असे आहे. यावरून आपल्याकडील काही मंडळी ‘बृहत्तर भारता’च्या गर्जना करू लागतात. आम्हांला तो उत्साह अस्थानी वाटतो. हे शब्द त्या लोकांनी आपणहून घेतले, वापरले, झिजवले, वळवले, आणि गेली हजार-तेराशे वर्षे ते त्यांचे आहेत. दिलेल्या शब्दावर मालकी सांगता येत नाही. आणि व्यवहार एकतर्फीही नव्हता. आपल्या आरतीतला ‘कापूर’ घ्या. सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्यावरील बारूस हे कापराचे प्राचीन बंदर. तेथील ‘कापुर’ या शब्दावरूनच संस्कृत ‘कर्पूर’ घडला असावा, असे बहुतेक भाषापंडितांचे मत आहे. देवासमोर रोज जो शब्द आपण जाळतो तो मूळचा त्यांचा असेल, तर ‘आपलीच भाषा’ कोणी कोणाला म्हणायचे?

आता ज्या पदराशी गोमंतकाचा अगदी प्रत्यक्ष संबंध आहे त्याकडे येऊ. १५१० सालच्या नोव्हेंबरात गोवा घेतल्यानंतर आफोन्सो द अल्बुकर्क १५११ साली येथूनच आरमार घेऊन पूर्वेला निघाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याने मलाक्का जिंकले. आज ते मलेशियात आहे. त्या काळी मलय भाषेची ती सर्वांत मोठी बाजारपेठ होती. १६४१ साली डचांनी ते हिरावून घेईपर्यंत मलाक्काचा कारभार गोव्याच्या गव्हर्नर-व्हाइसरॉयच्या हुकमतीखाली चालला. मसाल्याच्या बेटांवर, तेर्नाते आणि आंबोनपर्यंत, येथून सुटलेली गलबते जात होती. फ्रान्सिस झेवियर १५४६ साली आंबोनला होता, आणि मृत्यूनंतर त्याचे शव चीनच्या किनाऱ्यावरून मलाक्कामार्गेच १५५४ साली गोव्यात आले.

या येण्याजाण्यात जे पोर्तुगीज शब्द मलय भाषेत राहिले, त्यांची यादी वाचताना गोमंतकीय माणसाला आपल्याच वाड्यावरून फिरल्यासारखे वाटेल. खिडकी ‘जेंदेला’, आमची ‘जनेल’. शाळा ‘सेकोलाह’, आमचे ‘इस्कोल’. चर्च ‘गेरेजा’, आमची ‘इगर्ज’. मेजवानी ‘पेस्ता’, आमचे ‘फेस्त’. बूट ‘सेपातू’, आमच्या ‘सपाता’. टेबल ‘मेजा’, कपाट ‘लेमारी’, लोणी ‘मेंतेगा’, काटा ‘गार्पू’, निशाण ‘बेंदेरा’. मराठीत सर्वतोमुखी झालेला ‘लिलाव’ तेथे ‘लेलांग’ आहे. इंग्रजी चोपडीत या शब्दांसमोर फक्त अर्थ असतो. गोव्यातल्या वाचकाला अर्थ सांगण्याची गरजच नसते. आणि त्याच यादीत ‘सेर्दादू’ म्हणजे शिपाई आणि ‘आल्गोजो’ म्हणजे फाशी देणारा जल्लाद हेही आहेत. शाळा, सण आणि लोणी यांच्या बरोबरीने परकीय सत्तेने काय आणले, हे भाषेने प्रामाणिकपणे नोंदवून ठेवले आहे. चारशे एकावन्न वर्षांच्या आठवणी असलेल्या भूमीतील लोकांनी यावर अधिक भाष्य करण्याची आवश्यकता नाही.

हे सर्व प्रथम शास्त्रशुद्ध रीतीने कोणी गोळा केले? कोणा युरोपियनाने नव्हे; बार्देशातील आसगाव येथे १८५५ साली जन्मलेल्या मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फ दाल्गाद यांनी. त्यांचा पोर्तुगीज शब्दांच्या आशियाई भाषांवरील प्रभावाविषयीचा ग्रंथ १९१३ साली निघाला. त्यात सुमारे पन्नास भाषा आहेत, मराठी आणि कोकणीच्या पंक्तीला मलय व जावानीज आहेत. त्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १९३६ साली निघाले ते बडोद्याहून, गायकवाडांच्या प्राच्य ग्रंथमालेत. इंडोनेशियन भाषांतील संस्कृतावरचा यान होंडा या डच पंडिताचा मोठा ग्रंथ १९५२ साली प्रसिद्ध झाला, तोही आपल्या नागपुरात, डॉ. रघुवीर यांच्या संस्थेकडून. आसगाव, बडोदे, नागपूर: मराठी माणसाच्या पायाखालच्या वाटेवरील ही तीन गावे. इतकी सामग्री घरात असता आमचा तरुण इंग्रजी चोपडी घेऊन बोटीवर जातो, यात दोष त्या तरुणाचा नाही.

एका शब्दाविषयी लिहिल्याखेरीज हा विषय सोडवत नाही. तो शब्द ‘मेर्देका’. मूळ संस्कृत ‘महर्द्धिक’, म्हणजे मोठ्या ऋद्धीचा, ऐश्वर्यवान. द्वीपसमूहात गेल्यावर त्याला करमुक्त, बंधमुक्त असा अर्थ आला. सतराव्या शतकात डचांच्या बटाव्हिया नगरीत, म्हणजे आजच्या जकार्तात, ‘मार्देइकर’ नावाची एक जमात होती. पोर्तुगीज ठाण्यांतून, त्यांत हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरूनही, नेलेल्या आणि पुढे मुक्त झालेल्या गुलामांची ती जमात; त्यांचे नाव याच शब्दावरून पडले. ते मोडकी पोर्तुगीज बोलत. आपल्या किनाऱ्यावरून विकली गेलेली जी माणसे इतिहासाने विसरली, त्यांच्या सुटकेची खूण या एका शब्दात उरली आहे. आणि १९४५ साली हाच शब्द सबंध राष्ट्राची गर्जना झाला. १७ ऑगस्टला स्वातंत्र्याची घोषणा झाली, ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुराबायामध्ये ब्रिटिशांनी हिंदी सैनिकांना इंडोनेशियन देशभक्तांविरुद्ध लढायला उभे केले आणि त्या सैनिकांपैकी काही जण प्रतिपक्षाला जाऊन मिळाले. १९४८ सालच्या १९ डिसेंबरला डचांनी जोगजाकार्तावर झडप घालून सुकार्नोंना कैद केले. त्याच सुमारास सुमात्रात आणीबाणीचे सरकार उभे राहिले. पंडित नेहरूंनी पुढच्याच महिन्यात दिल्लीत आशियाई परिषद बोलावून डचांचा निषेध घडवून आणला. इंडोनेशियात १९ डिसेंबर हा आज देशरक्षण दिन म्हणून पाळला जातो. आमच्या दिनदर्शिकेत त्या तारखेला काय आहे, हे येथील शाळकरी मुलालाही विचारावे लागत नाही. इंग्रजी कोशात ‘मेर्देका’समोर ‘स्वतंत्र’ या अर्थाचा एक शब्द असतो. तो चूक नाही. तो केवळ दरिद्री आहे.

ही भाषा राष्ट्रभाषा कशी झाली, तेही पाहण्यासारखे आहे. देशात सातशेहून अधिक भाषा. सर्वांत मोठा समाज जावानीज बोलणाऱ्यांचा. साहित्यही त्यांचेच जुने व समृद्ध. तरीही २८ ऑक्टोबर १९२८ रोजी युवकांनी शपथ घेतली ती मलय भाषेला ऐक्याची भाषा मानण्याची, जी फार थोड्यांची मातृभाषा होती. जावानीज भाषेत वरिष्ठाशी एक बोली आणि कनिष्ठाशी दुसरी, असे काटेकोर थर आहेत. समतेच्या चळवळीला ती गैरसोयीची ठरली असती. बंदराबंदरांतून खलाशी आणि व्यापारी यांनी घडवलेली मलय भाषा कोणाच्याच मालकीची नव्हती, म्हणून ती सर्वांची होऊ शकली. बहुसंख्यांनी आपला हक्क बाजूला ठेवला. १९८७ सालच्या राजभाषा कायद्याच्या आगेमागे ज्यांनी गोव्यात दिवस काढले, त्यांना या वाक्यातील वजन जाणवेल. जुन्या जखमा उकरून काढण्याचा आमचा हेतू नाही. त्या देशानेही या निर्णयाची किंमत मोजलीच आहे. शाळांतून लहान लहान भाषा मागे पडल्या आणि कित्येक बेटांवर आजोबांची बोली नातवाला कळेनाशी झाली.

मराठीला २०२४ साली अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याचे सोहळे झाले, भाषणे झाली, आणि आमच्याही स्तंभांतून त्याचे स्वागत झाले. अभिजात भाषेचे एक लक्षण असे की ती शेजाऱ्यांकडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहू शकते. मराठीतून इंडोनेशियन शिकवणारा, निदान तीन-चार हजार शब्दांचा एक कोश व्हावा, अशी आमची सूचना आहे. शब्द देवनागरीत आणि रोमन लिपीत, दोन्हींत असावेत. संस्कृत शब्दासमोर त्याचा तेथील अर्थ आधी आणि आपला अर्थ नंतर द्यावा. उलट क्रम लावला तर पुन्हा तोच फसवा चष्मा. पोर्तुगीज शब्दासमोर गोमंतकातला जोडशब्द असावा. गोवा विद्यापीठात मराठी, कोकणी आणि पोर्तुगीज या तिन्ही भाषांचे अध्यापन होते; तिन्हींतील एकेक माणूस आणि जकार्ताकडचा एक जाणकार मिळाला तर हे काम दोन-तीन वर्षांत होण्यासारखे आहे, आणि त्याला लागणारा पैसा एखाद्या महोत्सवाच्या रोषणाईपेक्षा अधिक नसावा. दाल्गादांच्या ग्रंथातील मलय नोंदी तयार आहेत. त्या देवनागरीत उतरवून घेण्यापासून आरंभ करता येईल.